नीलात्याचे पुण्याचे मास्तर

नीलात्यापुढे गोष्ट सांगायची म्हणजे परीक्षाच असे. मी रंगात येऊन हातवारे करत असायचो आणि ती पाटावर बसून, खाली मान घालून, शेंगा सोलत ऐकत असायची. मधेच म्हणायची, "हात खाली ठेव. माशा हाकलतोयस का?" मी हात मांडीखाली दाबून बसायचो. हात अडकले की माझी गोष्ट दोन वाक्यांत संपायची. मग ती वर बघायची. "बघ. एवढीच होती."

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकून माणसं जरा टेकली की मी सुरू होतो. बायकोचं म्हणणं असं, की पाहुण्यांची बस चुकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आणि माझी हुकमी गोष्ट होती ती नीलात्याचीच. नीलात्या म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या दिवसांत नऊ-दहा चित्रपटांची ती नायिका होती. पडद्यावरचं तिचं नाव वेगळं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या नावाबद्दल ती म्हणायची, "ती बाई माझ्याकडे भाड्याने राहायला होती. गेली सोडून. तिची पत्रं आता इथे आणू नका."

तर माझी हुकमी गोष्ट अशी, की सोलापूरच्या कापडदुकानदाराची ही मुलगी पुण्याच्या एका मास्तरांकडे अभिनय शिकली. हे मास्तर मी अण्णांकडून घेतले तेव्हा बिचारे नुसतेच 'मास्तर' होते. मी त्यांना झुपकेदार मिशा दिल्या. चांदीच्या मुठीची काठी दिली. पुतण्याच्या लग्नात तपकीर ओढायला लावली. एका साठीशांतीत तर मास्तर गहिवरून म्हणाले, "पोरी, तू माझं नाव काढशील." तेव्हा पहिल्या पंगतीतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नीलात्या समोरच बसली होती. तिने पदर लावला नाही. ताटातली मिठाची ओळ बोटाने सरळ करत राहिली.

मास्तरांमध्ये दोष एकच होता. ते नव्हतेच. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

नीलात्या आता नाही. तिचे यजमान गेल्यावर ती पुण्याहून सोलापूरला परत आली आणि विजापूर रस्त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. घरात सोफा होता, पण तो पाहुण्यांचा. ती म्हणायची, "सोफ्यावर माणूस ठेवल्यासारखं दिसतं, बसल्यासारखं दिसत नाही." स्वतः कायम खाली. गुडघ्यांनी सत्तरीतच राजीनामा दिला होता, तरी खाली. सोसायटीच्या वॉचमनशी भांडायचं असलं तरी आधी जिन्याच्या पायरीवर बसायची, निऱ्या नीट करायची आणि मग त्याच्याकडे नुसती बघायची. तो गरीब माणूस उभ्या उभ्या स्वतःच्या चुका कबूल करायला लागायचा. त्यातल्या निम्म्या तिला ठाऊकही नसायच्या.

टीव्हीवरच्या मालिका ती आवाज बंद करून बघे. "आवाज चालू असला की सगळेच नट. बंद कर, बघू दे कुणाला येतंय." मग निकाल लागत. "ही रडत नाही, हिचं नाक रडतंय." "हा बघ, ह्याला भूक लागलीय आणि हा प्रेम करतोय." कुणी खरंच चांगलं काम केलं तर मात्र काही बोलायची नाही. हातातली शेंग हातात राहायची.

एकदा मी तिच्याबरोबर भाजी आणायला गेलो होतो. तिने मेथीची जुडी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू खाली ठेवली. भाजीवाली कळवळली. "काय झालं आजी? नको व्हय?" "नको कशाला? छान आहे," एवढंच नीलात्या म्हणाली. भाजीवालीने ती जुडी आणि वर आणखी एक तिच्या पिशवीत घातली. आम्ही दहा पावलं गेलो असू. नीलात्या थांबली, परत फिरली आणि जास्तीची जुडी तिच्या टोपलीत ठेवून म्हणाली, "अगं, मी सवयीने केलं. मनावर घेऊ नकोस." मला तेव्हा वाटलं होतं, वा! काय मास्तर असतील!

मग एका संस्थेने तिचा सत्कार ठरवला. अभिनेत्री सोलापूरची, सत्कार सोलापुरात, आणि परिचय करून देणार मी. मी उड्या मारतच तिच्याकडे गेलो. "मास्तरांपासूनच सुरू करतो," म्हटलं.

तिने सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या. "मास्तर घालू नकोस."

"अगं, मास्तरांशिवाय तुझ्या आयुष्यात मजा काय आहे?"

"मास्तर नव्हते रे, गाढवा," ती म्हणाली. आणि मग दुपारभर ती सांगत राहिली आणि मी, इतिहासात पहिल्यांदाच, ऐकत राहिलो.

आमच्या आजोबांचं, म्हणजे अप्पांचं, चाटी गल्लीत लुगड्यांचं दुकान होतं. इरकली लुगडी ही त्यांची खासियत. गिऱ्हाइकांत हंसाबाई नावाची एक बाई होती. बैठकीची लावणी गाणारी. तेव्हा तिचं गाणं थकलं होतं आणि ती लहान मुलीला घेऊन सोलापुरात येऊन राहिली होती. बाई इरकलीची शौकीन, पण घरंदाज बायका दुकानात बसलेल्या असताना ती गादीवर येऊन बसणं अप्पांना चालण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाईक सोडणंही चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा तिच्याकडे लुगडी पसंतीला जात. चार-पाच लुगडी बांधून घरी पाठवायची, बाईने बघायची, आवडलं तर ठेवायचं, बाकीची परत. हे काम अण्णांकडे होतं. अण्णा पंधरा वर्षांचे. त्यांना तीनच्या खेळाला सिनेमा बघायचा असे. ते गठ्ठा आणि अकरा वर्षांची नीला दोन्ही हंसाबाईंच्या दाराशी ठेवून जात आणि खेळ सुटला की दोन्ही उचलून आणत.

"पहिल्या दिवशी तिने एक लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं," नीलात्या म्हणाली. "म्हणाली, हे तुला आवडलंय. पण तुला नको म्हणायचंय. तोंड उघडायचं नाही. मी मान हलवली. तर म्हणते, ही नुसतीच 'नको' म्हणाली. मला ती बाई दाखव जिला पाहिजे आणि जी नको म्हणते. मान हलवणारी नको, मान तर म्हैससुद्धा हलवते."

"मग?"

"मग काय, महिना लागला. उठायचं नाही, हात हलवायचा नाही. बैठकीच्या बाईला उठता येत नाही ना, जे आहे ते बसल्या जागी. ते जमल्यावर म्हणाली, आता हे लुगडं तुझ्या नवऱ्याने दुसरीसाठी आणलंय. मी म्हटलं, दुसरी कोण? तशी ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ते राहू दे, ते तुला अजून कळायचं नाही. असं कर, तुझ्या वडिलांनी ते तुझ्या बहिणीसाठी आणलंय."

अशी दोन वर्षं. अप्पांच्या दुकानातली लुगडी एकेक करून नीलात्याच्या मांडीवर आली. विधवा होऊन बसलेलीला आवडलेलं लुगडं, माहेरून आलेलं पण रंग चुकलेलं लुगडं, सवत नेसलेली आहे ते लुगडं. एवढं शिकवून हंसाबाई काय घेत, तर तिच्याकडून शेंगा सोलून घेत.

पकडली गेली ती घडीमुळे. आमच्या दुकानात पदर आत ठेवून घडी घालत, म्हणजे पदराला धूळ लागत नाही. हंसाबाईंकडे पदर वर. एक दिवस शिकवणीच्या नादात नीलाने लुगड्याची घडी हंसाबाईंसारखी घातली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी एका गिऱ्हाइकापुढे गठ्ठा सोडला आणि पाहतात तो पदर वर. पसंतीला गेलेलं लुगडं कुणीतरी उलगडलं, अंगावर घेतलं, घडी मोडली. चौकशी झाली. अण्णांनी सिनेमा कबूल केला, नीलाने हंसाबाई कबूल केली. अप्पांनी मारलं कुणालाच नाही. एवढंच म्हणाले, "ते नाव ह्या घरात पुन्हा ऐकू यायला नको."

पुढची हकीकत मला अर्धी माहीत होती. नीलात्या सतरा वर्षांची असताना एक चित्रपट कंपनी गावरान लुगडी घ्यायला आमच्या दुकानात आली होती. त्यांची नायिका गादीवर बसलेली. हे लुगडं नेसून दुःखी कसं दिसायचं, असं ती सहज म्हणाली. नीलाने ते लुगडं मांडीवर घेतलं आणि काहीही न बोलता दाखवलं. दिग्दर्शकांचा चहा बशीतच राहिला. "मुली, कुणाकडे शिकलीस?" नीलाने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी अण्णा बोलले.

"पुण्याला. एक मास्तर आहेत."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुण्याला कधी गेली होती ही?"

"दिवाळीत. मामाकडे."

"पंधरा दिवसांत शिकली?"

"हुशार आहे ती," अण्णा म्हणाले.

अप्पांनी चष्मा वर सरकवला. परक्या माणसांसमोर त्यांनाही मास्तर बरेच वाटले असणार. संध्याकाळी अण्णांनी बहिणीचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "मी अप्पांना तयार करतो. तू जाशील. पण कुणी विचारलं तर ते नाव तुझ्या तोंडून यायचं नाही. माझी शपथ."

ती गेली. ज्यासाठी लोक अजून तिचं नाव काढतात तो चित्रपटातला प्रसंग तुम्ही कदाचित पाहिला असेल. सुनेला माहेरून आलेलं लुगडं सासू नणंदेला देऊन टाकते. सून खाली बसलेली आहे. ती म्हणते, "तुम्हाला छान दिसेल." बस. थेटरात बायका हुंदके देत. मुलाखतीत विचारत, हे कुठून आलं? ती म्हणे, "पुण्याला एक मास्तर होते."

"साठाच्या वर वर्षं झाली," नीलात्या मला म्हणाली. "एकदा, लोकांपुढे, माझ्या तोंडाने बाईचं नाव घ्यायचंय. माझ्यामागे तू लिहिशील, ते वेगळं."

"मग घे की. अप्पा जाऊन चाळीस वर्षं झाली."

"शपथ अण्णाच्या जिवाची आहे. मी मोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला साधी शिंक आली तरी माझं काय होईल? त्यानेच सोडवायला पाहिजे. आधी म्हटलं, तो गेल्यावर घेईन. मग माझं मलाच कळलं, मी भावाच्या मरणाची वाट बघत बसलेय. यप्पा! त्या दिवशी जेवले नाही." मग म्हणाली, "तो मरत नाही, मी मरत नाही. होगली बिडू, म्हणजे जाऊ दे म्हणावं, तर तिकडे सरू थकत चाललीय."

सरू म्हणजे हंसाबाईंची मुलगी. ती करमाळ्याला मुलाकडे असते. नीलात्याने हट्टच धरला म्हणून मी तिला गाडीने घेऊन गेलो. सरूबाईंनी आम्हाला दारातल्या बाजेवर बसवलं. नीलात्या अर्थातच खाली बसली, मग सरूबाईही खाली बसल्या. बाजेवर मी एकटाच, सिंहासनावर बसवलेल्या उत्सवमूर्तीसारखा. नीलात्याने सत्काराचं सांगितलं, शपथेचं सांगितलं.

सरूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आक्का, माज्या आईचं नाव घ्याया काय हुतंय वो? ती काय चोर हुती व्हय?"

नीलात्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"न्हाय घेतलं तरी चालंल," सरूबाई म्हणाल्या. "लई वर्सं झाली, आमाला सवय हाय. पर एक करा. त्या पुण्याच्या मास्तराचं तरी घिऊ नका. मी टीवीत तुमची मुलाखत ऐकली तवा चूल इझवून बसले हुते."

मी बाजेवरून खाली उतरलो. मिशा, काठी, तपकीर, सगळं माझंच होतं.

अण्णांकडे मी गेलो ते तावातावाने. अण्णा अठ्ठ्याऐंशीचे. मी म्हटलं, "अण्णा, आत्याची शपथ सोडवा."

"कसली शपथ?"

"हंसाबाईंची."

अण्णांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं आणि मोठ्याने वाचायला लागले, "सोलापुरात उद्या पारा चढणार."

"अण्णा, आता कोण काय म्हणणार आहे? अप्पा नाहीत, दुकान नाही."

पेपरमागून आवाज आला, "मी अप्पांना शेवटपर्यंत मास्तरच सांगितले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, पुण्याचे मास्तर आहेत का रे अजून? मी म्हटलं, आहेत. बरं, म्हणाले." मग पारा पुन्हा मोठ्याने चढायला लागला. मी उठून आलो.

सत्काराच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पहिल्या रांगेत अण्णा, पांढरी टोपी, हातात काठी. दुसऱ्या रांगेत कडेला सरूबाई. सकाळच्या एसटीने एकट्या आल्या होत्या. मंचावर नीलात्यासाठी सोनेरी खुर्ची होती. तिने आयोजकांना विचारलं, "पाट नाही का?" त्यांना तो विनोद वाटला.

मी परिचय वाचला. मास्तर गाळले होते, पण हंसाबाई घालायची मुभा मला नव्हती. त्यामुळे परिचयात दुकानातून थेट चित्रपट. मधे 'अभिनयाचे प्राथमिक धडे त्यांनी गिरवले' असं एक वाक्य. कुणाकडे, कुठे, काही नाही. लिहिताना मला वाटलं होतं मोठी युक्ती केली. वाचताना लाज वाटली.

आणि मी खाली बसतो न बसतो तोच आयोजक माइककडे धावले. हे गृहस्थ त्या साठीशांतीला जेवून गेलेले. "एक महत्त्वाचा उल्लेख राहिला! बाईंचे गुरू, पुण्याचे मास्तर! त्या झुपकेदार मिशा, ती चांदीच्या मुठीची काठी! मास्तर म्हणाले होते, पोरी, तू माझं नाव काढशील!" टाळ्या कडाडल्या. माझे शब्द, माझा गहिवर, जसाच्या तसा. मी दुसऱ्या रांगेकडे बघायचं धाडस केलं नाही.

नीलात्या उठली. माइकपाशी यायला तिला वेळ लागला. टाळ्या थांबल्या.

"माझ्या गुरू," ती म्हणाली, आणि थांबली.

लोकांना वाटलं, भरून आलं. मग वाटलं, विसरली. मागे कुणीतरी खाकरलं. आयोजकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने बघितलाही नाही. ती अण्णांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, विनवणीही नव्हती. तिला ते पाहिजे होतं आणि ती मागणार नव्हती. सिनेमाच्या पडद्यावर मी तिला कितीदा पाहिलं असेल, पण एवढ्या जवळून, एवढा वेळ, कधीच नाही. माझे हात कधी मांडीखाली गेले मला कळलं नाही.

पहिल्या रांगेत काठी वाजली. अण्णा उभे राहत होते. शेजारच्याने धरायला हात पुढे केला तो त्यांनी झटकला. पूर्ण उभे राहिले, टोपी सारखी केली आणि अप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव पुकारत असतील तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"हंसाबाई करमाळकर!"

आडनाव मला तेव्हाच कळलं. नीलात्या नेहमी नुसतं हंसाबाई म्हणायची.

सभागृहात कुणालाच काही समजलं नव्हतं. अण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, "मी घेतलं. आता तू घे. सुटली." आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशीच काय, पुढचं वर्षभर त्यांना शिंक आली नाही.

नीलात्याने नाव घेतलं. हळू घेतलं, पूर्ण घेतलं. मग सगळं सांगितलं, पसंतीची लुगडी, दोन वर्षं, शेंगा. मास्तरांचं आलं तेव्हा म्हणाली, "मास्तर माझ्या भावाने जन्माला घातले आणि भाच्याने वाढवले. चांगलं मूल होतं, पण आमचं नव्हतं." लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

कार्यक्रम संपल्यावर गर्दी मंचाकडे सरकली. मला वाटलं आत्या तिथेच असेल, म्हणून मी शाल-श्रीफळ सांभाळत वर गेलो. सोनेरी खुर्ची रिकामी होती. ती बाजूच्या पायऱ्यांनी, कठड्याला धरून, केव्हाच खाली उतरली होती. दुसऱ्या रांगेशी सरूबाई उभ्या होत्या. नीलात्या पुढे आली तशा सरूबाई तिच्या पाया पडायला वाकल्या. नीलात्याने त्यांचे खांदे धरून थांबवलं आणि ती स्वतःच वाकायला लागली. तेव्हा सरूबाईंनी तिच्या कोपरांना धरलं. "आक्का, न्हाय, न्हाय, असं करू नका."

"सोड मला."

"तुमी सोडा आदी."

कुणीच सोडेना. चार गुडघे अर्ध्यात अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना, आणि दोघी एकमेकींच्या दंडांना धरून तशाच वाकलेल्या, कपाळाला कपाळ टेकलेलं. हसू कुणाला आधी फुटलं माहीत नाही. अण्णा पहिल्या रांगेतून मागे वळून ओरडत होते, "अरे, कुणीतरी धरा रे दोघींना! पडतील!" मी नारळ बगलेत मारून पायऱ्या उतरत होतो. मी पोचेपर्यंत त्या दोघी, एकमेकींना न सोडता, हळूहळू, सभागृहाच्या फरशीवर खाली बसल्या होत्या.